खमीर निजवताना

पहाटे हरणाबाईंना भाऊसो दिसले. बर्फात उभे होते, खांद्यावर घोंगडं टाकून, आणि पुढ्यात मेंढरं. बर्फ कुठं संपतो आणि मेंढरू कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं, इतकं सगळं पांढरं. त्यांनी हाताचा पंजा खाली दाबून दाखवला, रडत्या लेकराला निजवताना बायका दाखवतात तसा. मग जाग आली. खिडकीत फटफटलं होतं आणि यमाईच्या डोंगराची कड तेवढी उजळली होती.

गुडघे हातांनी चेपत त्या बराच वेळ खाटेच्या काठावर बसून राहिल्या. आंघोळ, दिवा, मग खमिराला पीठ, आणि त्यानंतर आपल्या तोंडात पाण्याचा पहिला घोट. हा नेम फार जुना. पण भाऊसोंचं सुतक फिटल्यापासूनच्या चार वर्षांत त्यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता.

भाऊसो, हरणाबाईंचे मालक, फौजेच्या लंगरात स्वयंपाकी होते. त्र्याऐंशी साली पेन्शनीवर आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा एक डबा. डब्यात डोंगरावरच्या लंगरातलं आंबवलेलं पीठ. चार दिवसांच्या रेल्वेप्रवासात त्यांनी त्याला स्टेशनाच्या नळाचं पाणी आणि मुठीनं पीठ घालून जगवलं होतं. मेंढरामागं जन्म गेलेला त्यांचा बाप तो डबा हुंगून म्हणाला होता, लोकांची पोरं फौजेतनं रेडू, घड्याळं आणत्यात, आमचं येडं शिळं पीठ घेऊन आलंय. त्याच पिठावर औंधात भट्टी उभी राहिली. आता पुण्याची माणसं गाड्या थांबवून पाव नेत, आणि थोरल्या विश्वजितनं कागदी पिशव्यांवर छापून घेतलं होतं, ‘१९८३ पासूनचं खमीर’.

हरणाबाईंनी बरणीचं झाकण काढलं. आतून ताकासारखा, थोडा पिकल्या फळासारखा वास आला. "आज निजायचं बरं का," त्या त्याला हळूच म्हणाल्या.

सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायच्या होत्या. त्यानंतर तीन महिने सांगलीत लेकीकडे, राणीकडे. ही तिसरी तारीख होती. पहिल्या खेपेला त्यांनी साखरेचं कारण सांगितलं, दुसऱ्या खेपेला नवरात्राचं. डॉक्टरांनी राणीला स्पष्ट सांगितलं होतं, आता आल्या नाहीत तर पुन्हा तारीख मागायला येऊ नका. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सून स्वप्नालीला सातवा महिना चालू होता आणि ती बाळंतपणाला मलकापूरला माहेरी जायची होती. भट्टीच्या तळाच्या विटा फुटलेल्या, तेव्हा विश्वजित तीन महिने गवंड्यांमागं. मग खमिराला दोन वेळा घालणार कोण?

उपाय स्वप्नालीनं काढला. तिनं मोबाइलवर बघितलं, मग आणखी चार ठिकाणी वाचलं. खमीर भरपूर पीठ घालून पुरतं फुलू द्यायचं, फुललं की कागदावर पातळ पसरायचं, सावलीत पंख्याखाली दोन दिवस वाळवायचं. उन्हात नाही, ऊन लागलं की मरतं. वाळलं की पापडासारखे तुकडे होतात. ते कोरड्या बरणीत भरून ठेवायचे. सहा महिन्यांनी कोमट पाणी आणि पीठ दिलं की जागं होतं. हरणाबाईंचा विश्वास बसेना म्हणून तिनं दोन चमचे वाळवून दाखवले, चुरा केला, पाण्यात टाकला. तिसऱ्या दिवशी वाटीत बुडबुडे आले. हरणाबाई ती वाटी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसल्या होत्या आणि मग त्यांनी ते परत बरणीत ओतलं होतं. घरचं घरात.

"मरत नाही, आई," स्वप्नाली म्हणाली होती. "निजतं फक्त."

त्या शुक्रवारी सकाळी सगळं खमीर मोठ्या पातेल्यात काढलं, त्यात दोन किलो पीठ कालवलं आणि वर पांढरं फडकं बांधलं. बरणीत चार चमचे राहू द्या, असं स्वप्नाली म्हणत होती. हरणाबाईंना ते पटलं नाही. अर्धं निजलेलं आणि अर्धं उपाशी, असं करायचं नाही म्हणाल्या. बरणी त्यांनी नैवेद्याच्या भांड्यासारखी चिंचेनं घासली, कढत पाण्यानं विसळली आणि उन्हात पालथी घातली. मग विश्वजितच्या मोटारसायकलवर बसून गावातल्या देवीच्या देवळात ओटी भरायला गेल्या. अकरापर्यंत खमीर फुलणार होतं. स्वप्नालीनं मोबाइलवर गजर लावला आणि पाय वर करून जरा पडली.

---

वैशाखातली झोप. पंखा फिरत होता आणि स्वप्नालीला वाटत होतं की आपण पातेल्यात आहोत, फुलतोय, फडक्याखाली सगळीकडं मऊ पांढरा उजेड आहे. पोटातलं बाळ एकदा वळलं. कुठंतरी गजर वाजला आणि बंद झाला. तो आपणच बंद केला हे तिला कळलं नाही.

साडेअकराच्या एसटीनं रंगुबाई उतरल्या. भाऊसोंची धाकटी बहीण, आटपाडीकडच्या माळावरची. दर वैशाखात भावाच्या माडीवर कुरडया घालायला त्या येत, कारण अशी मोकळी फरशी त्यांच्या वस्तीवर नव्हती. गेल्या आठवड्यात त्यांनी फोन केला होता, "गहू भिजाय घाल गं पोरी, म्या शुक्रवारी येतो." स्वप्नाली व्हय म्हणाली होती आणि विसरली होती.

घरात सामसूम. सून निजलेली. पोटुशी बाई, निजू दे, असं म्हणून रंगुबाईंनी चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. ओट्यावर पातेलं, वर फडकं. त्यांनी फडकं उचललं. आंबूस वास आला आणि त्यांचा चेहरा उजळला. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक. पोरीनं ध्यानात ठेवलं होतं.

चार वर्षं झाली, वयनी त्यांच्याशी धड बोलत नव्हती. चहा देत होती, लुगडं देत होती, पण नजर देत नव्हती. आपलं काय चुकलं ते रंगुबाईंना अजून उमगलं नव्हतं. आता वयनी यायच्या आत कुरडया घालून ठेवल्या, तर गुडघं धरून बसलेल्या त्या बाईचं एक काम हलकं होईल, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी आधण ठेवलं. मीठ टाकलं. पातेलं ओतलं आणि लाटण्यानं हाटायला लागल्या. चीक जरा चिवट येत होता. लाटण्याला रबरासारखा धरत होता. नव्या गव्हाचा असेल. त्यांनी जोर लावला, वाफ आणली, सोऱ्या तेल लावून तयार केला आणि गरम घमेलं डोक्यावर घेऊन माडीवर चढल्या. उन्हात प्लास्टिकवर कुरडया पडत गेल्या, एकामागं एक, ओळीनं. काम करता करता त्या जात्यावरची ओवी गुणगुणत होत्या. भावाच्या माडीवर आपल्याला किती हलकं वाटतंय, असं त्यांना वाटलं.

---

हरणाबाई परतल्या तेव्हा दीड वाजला होता. पातेलं मोरीत होतं, स्वच्छ घासलेलं.

त्यांनी ते उचलून आत बघितलं. मग हाक मारली, फार मोठ्यानं नाही. स्वप्नाली धडपडत उठून आली, ओट्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि माडीवरून येणारं गुणगुणणं दोघींना एकदमच ऐकू आलं.

पुढच्या तासाभरात त्या घरात चार वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं झालं. सांगलीहून आईला न्यायला आलेली राणी दारात चप्पल काढते न काढते तोच त्यात सापडली. विश्वजितनं आत्तीला विचारलं, विचारायचं तरी होतंस, घरात माणूस होतं की. आत्ती म्हणाली निजलेल्या पोटुश्या बाईला कोण उठवतं. मग तो बायकोकडे वळला. स्वप्नालीनं फोनचं कबूल केलं आणि रडायला लागली. राणी आधी भावाच्या बाजूनं होती, चाळीस वर्षांची वस्तू म्हणजे काय असं म्हणत होती. पण वहिनी रडताना बघून तिचं मन फिरलं आणि ती भावावरच उलटली, एवढी तुझी चाळीस वर्षांची वस्तू, तर तू का कधी एक दिवस पीठ घातलं नाहीस त्याला?  तो माडीवर जाऊन कुरडया हातात घेऊन बघून आला, जणू कुठंतरी एखादी जिवंत असेल. उकळलेल्या पाण्यात हाटलेली, मीठ पडलेली. एकही नव्हती.

हरणाबाई देव्हाऱ्यापुढं बसून राहिल्या. राणीला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटत होती. ती जवळ जाऊन म्हणाली, "आई, सोमवारचं मोडू नकोस."

हरणाबाई देव्हाऱ्याचा काठ धरून उठल्या आणि तांब्यात पाणी भरायला लागल्या.

---

माडीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत रंगुबाई गुडघ्यात मान घालून बसल्या होत्या. पिशवी भरून शेजारी ठेवलेली. साडेपाचची एसटी धरून निघून जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जेवल्या नव्हत्या. पाणीही घेतलं नव्हतं.

भावाचं होतं ते. घोंगड्याच्या उबेत ठेवायचा तो डबा थंडीत, मेंढरीनं टाकून दिलेल्या कोकरागत. ते आपल्या हातानं उकळलं. त्यांनी दोन्ही तळहात उलटे करून बघितले. नखांत चिकटलेलं पीठ अजून होतं.

जिन्यात पाऊल वाजलं. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एक पाऊल. रंगुबाईंनी मान वर केली. त्या जिन्याला अकरा पायऱ्या, आणि वयनी वर्षभरात माडीवर चढली नव्हती. उठून हात द्यावा असं त्यांना वाटलं, पण उठवेना. शेवटी हरणाबाईंचं डोकं वर आलं, मग खांदे, मग कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या, धापा टाकत. हातात पाण्याचा तांब्या होता.

"घ्या, वन्सं."

"नगं."

"घ्या म्हणते न्हवं. मी चढून आलेय."

रंगुबाईंनी तांब्या घेतला. हरणाबाई टाकीला पाठ लावून हळूहळू खाली सरकल्या आणि पाय लांब करून बसल्या. समोर डोंगर उन्हात थरथरत होता. पायऱ्या, दीपमाळा, देऊळ, सगळं पाण्यात बघितल्यासारखं हलत होतं. कुरडया वाळत होत्या.

"वयनी, म्या माझ्या भावाला मारलं."

"न्हाई."

"आता आनी न्हाई कसं..."

"ऐका. त्येंचं खमीर मेलं त्येला चार वर्सं झाली."

रंगुबाईंना वाटलं, ऊन लागलंय हिला.

हरणाबाई सांगत गेल्या, डोंगराकडे बघत, पोथी वाचावी तशा एका सुरात. भाऊसो गेले तेव्हा तेरा दिवस भट्टी बंद. तेरा दिवस बरणीला हात नाही. चौदाव्या दिवशी झाकण उघडलं तर वर तांबूस बुरशी, खाली काळं पाणी आणि सहन न होणारा वास. कुणाला न सांगता त्यांनी ते शेवग्याच्या मुळात ओतलं. बरणी उकळली. मग घरचाच गहू दळून आणला आणि पाण्यात कालवून ठेवला, दुसरं काही नाही. बारा दिवसांनी पाव पहिल्यासारखा फुगला. तोवर विश्वजित बाजारचं यीस्ट वापरत होता, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं पिशव्या छापून आल्या, आणि मग सांगायची वेळ निघून गेली.

"रोज घालायचे त्येला. पर त्येंचं म्हणून न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातनं एकदा मेलं म्हणून."

जिन्याच्या वरच्या पायरीवर स्वप्नाली जेवणाचं ताट घेऊन उभी होती. ती तशीच थांबली. ताटातली भाकरी निवत होती. पिशव्यांवरचं साल तिच्या डोळ्यांपुढं आलं, आणि विश्वजितचा गिऱ्हाइकाशी बोलताना ताठ होणारा खांदा. ही गोष्ट आपण नवऱ्याला सांगायची नाही, आई सांगतील तेव्हा सांगतील, हे तिनं तिथंच ठरवलं.

"मग त्या तेरा दिसांत का न्हाई घातलं?" रंगुबाईंनी विचारलं.

हरणाबाईंना सगळं लख्ख आठवत होतं. पहिल्याच संध्याकाळी त्या पीठ घेऊन बरणीकडे निघाल्या होत्या. याच बाईनं त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली होती. घरात सुतक हाय, आंबवायचं न्हाई, लोकं काय म्हनतील. आणि त्या गप्प बसल्या होत्या. चार वर्षं चहाचा कप पुढं सरकवताना त्यांना ती वाटी दिसायची. आता शेजारी बघितलं तर पांढऱ्या केसांची एक बाई होती, पीठ चिकटलेली नखं, आणि तोंड अगदी भाऊसोंच्या तोंडाच्या ठेवणीचं.

"भान न्हवतं मला," हरणाबाई म्हणाल्या. "दुखवट्यात कुणाला भान असतंय?"

स्वप्नालीनं मुद्दाम पाय वाजवला आणि ताट आणून दोघींच्या मध्ये ठेवलं. रंगुबाई एक घास मोडून हातात धरून बसल्या. खाईनात.

"जेवा," हरणाबाई म्हणाल्या. "साडेपाचच्या गाडीनं जायाचं न्हाई. मला खाली उतरवाय माणूस लागंल. आनी पीठ कालवायचं हाय."

---

शनिवारी विश्वजितनं हट्टानं त्या कुरडया तळायला लावल्या. म्हणाला, बाबांचं शेवटचं आहे, पोटात तरी जाऊ दे. स्वप्नाली सासूकडे न बघता कढईकडे बघत राहिली. तेलात कुरडई टाकली, तर फुलायचं नाव नाही. होती तशीच लाल झाली. "फुलत न्हाई," राणी म्हणाली. "ताठच हाय, बाबांगत." यावर विश्वजितलाही हसू आलं. चवीला आंबूस, कडक, मधूनच मिठाची कणी लागणारी. सगळ्यांनी खाल्ली. रंगुबाईंनी एक तुकडा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

ओट्यावर परातीएवढ्या जागेत आता एकच वाडगा होता. घरच्या गव्हाचं पीठ, माठाचं पाणी. शुक्रवारी संध्याकाळी हरणाबाईंनी शेजारी उभं राहून रंगुबाईंच्या हातानं ते कालवून घेतलं होतं. विश्वजितला वाटत होतं, आई मन रमवतेय. 

रविवारी सकाळी राणीच्या नवऱ्याची गाडी दारात येऊन थांबली. हरणाबाईंनी आंघोळ केली, दिवा लावला, आणि स्वयंपाकघरात जाऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. रंगुबाई वाडग्यात बोट घालून तोंड वाकडं करत होत्या. पीठ नुसतं बसलेलं, वर पिवळं पाणी.

"वयनी, ह्येला घाण वास मारतोय. पायपुसन्यागत. फेकून नवं करू का?"

"फेकायचं न्हाई. पयला वास घाणच येतो. अर्धं काढून टाका, तेवढंच नवं घाला, दोन्ही टायमाला. आठव्या दिवशी गोड येईल."

"आनी न्हाई आला तर?"

"न्हाई आला तर मला फोन करा. मी पडल्या पडल्या सांगंन."

रंगुबाईंनी पीठ घातलं. हरणाबाई तोवर थांबल्या. मग माठातलं अर्धं भांडं पाणी घेऊन उभ्यानंच प्यायल्या आणि दाराकडे निघाल्या. विश्वजित एका बाजूनं, राणी दुसऱ्या बाजूनं. स्वप्नाली उशी घेऊन पुढं. तिच्या कानाशी वाकून हरणाबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या पिशव्यांवर साल छापायचं न्हाई. विश्वाला मी सांगते. गाडीत."

स्वप्नालीनं मान हलवली.

पाय आत घेऊन बसेपर्यंत बराच वेळ गेला. मिरजेपर्यंत सोबत येणारा विश्वजित मागं डिकीत पिशव्या ठेवत होता. दार लागलं एवढ्यात रंगुबाई हात ओले असतानाच बाहेर आल्या आणि अर्ध्या उघड्या काचेशी वाकल्या. त्यांचा आवाज इतका खाली होता की पुढं बसलेल्या राणीलाही नीट ऐकू गेला नाही.

"वयनी. त्या सुतकात तुमच्या हातातली पिठाची वाटी कुनी काढून घेतली हुती?"

हरणाबाईंनी पदर सारखा केला.

"आठवत न्हाई," त्या म्हणाल्या.

"मला रातीपास्नं आठवतंय."

रस्त्यावरून एक मेंढरांचा कळप चालला होता. त्याला वाट द्यायला गाडी थांबून राहिली. धुळीत मेंढरं वाहत गेल्यासारखी गेली, मागून एक म्हातारा धनगर, त्यामागं कुत्रं. कळप वळणाआड जाईपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. रंगुबाईंच्या बोटांवरून पिठाचं पाणी काचेवर ओघळलं. हरणाबाईंनी ते पुसलं नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी काच पुरती खाली केली.

"वन्सं, सांजचं चुकवू नगासा," त्या म्हणाल्या. "सात वाजता घालायचं."

"घालतो," रंगुबाई म्हणाल्या.